क्रेन ऑपरेटर आणि रिगरचं प्रमाणपत्र: गडचांदूर ते हिंगणा, आमचा अनुभव

गडचांदूर, कोरपना, राजुरा, वणी या आमच्या चंद्रपूरकडच्या पट्ट्यात हायड्रा (टायरवर चालणारी छोटी क्रेन) चालवणारी आणि तिच्या हुकाला माल बांधायचे बेल्ट अडकवणारी, म्हणजे रिगरचं काम करणारी, पोरं गावोगावी आहेत. सिमेंटचे कारखाने, कोळशाच्या खाणी, रस्त्यांची कामं यांतून ती तयार झाली. बहुतेक जण हेल्पर म्हणून लागले आणि एखाद्या उस्तादाच्या हाताखाली बघून बघून शिकले. मीही तसाच शिकलो. आता मात्र मोठ्या कारखान्याच्या गेटवर प्रमाणपत्र मागतात, आणि ते कुठे मिळतं, काय लागतं, किती खर्च येतो हे सांगणारं गावात कोणी भेटत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात मी ऑपरेटरचं आणि माझ्या मामेभावानं रिगरचं प्रमाणपत्र काढलं. त्या वेळी आम्हाला जे कोणी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमानं लिहितोय.

मार्चच्या शेवटी ठेकेदाराचा निरोप आला. पावसाळ्यात सिमेंटची मागणी उतरते, तेव्हा कारखाने भट्टी थंड करून मोठी दुरुस्ती काढतात. त्या शटडाउनवर आमच्या ठेकेदाराच्या हायड्रा लागणार होत्या. कारखान्याच्या सेफ्टी विभागानं कळवलं होतं की प्रत्येक ऑपरेटरचं आणि रिगरचं थर्ड पार्टी (म्हणजे बाहेरच्या संस्थेचं) प्रमाणपत्र, मेडिकल फिटनेस, अनुभवाचं पत्र आणि ऑपरेटरचं चालू लायसन्स १५ जूनपर्यंत जमा झालं पाहिजे, नाहीतर गेटपास निघणार नाही. ठेकेदार म्हणाला, ‘फीचे अर्धे पैसे मी टाकतो. कागद तुमचे तुम्ही पाहा.’ शटडाउन म्हणजे ओव्हरटाइमसकट चांगली रोजी. ती सोडून चालणार नव्हतं.

इथे आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण गावात सगळ्यात जास्त गोंधळ यावरच आहे. क्रेनचं सर्टिफिकेट वेगळं आणि माणसाचं वेगळं. आमच्या वेळी, २०२४ मध्ये, लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ प्रमाणे उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर आणि बाकी टॅकल (माल बांधायचं सामान) यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी लागत होती. महाराष्ट्रात अशा सक्षम व्यक्तींना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय मान्यता देतं. ही तपासणी करून घेणं मालकाचं काम आहे, ऑपरेटरचं नाही. पण त्यात नुसती क्रेन येत नाही, बेल्ट आणि शॅकल (पिन घालून बंद करायची लोखंडी कडी) हेही येतात. आमच्या ठेकेदाराकडे क्रेनचा कागद होता, बेल्ट-शॅकलचा नव्हता. तो त्यानं एप्रिलमध्ये करून घेतला. तुमच्या मालकाला हे आधीच विचारून ठेवा, कारण गेटवर अडकतो तो आपण.

माझं हेवी लायसन्स मे महिन्यात संपत होतं. व्यावसायिक वाहनाचं लायसन्स आता पाच वर्षांचं मिळतं आणि मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येतं, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीलाच लायसन्सच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज टाकला. सोबत फॉर्म १-अ वर डॉक्टरचा दाखला. पण १९ एप्रिलला चंद्रपूर लोकसभेचं मतदान होतं आणि ज्या कचेरीत जावं तिथली अर्धी माणसं निवडणुकीच्या कामावर. कार्ड हातात यायला मेचा दुसरा आठवडा उजाडला. नव्यानं या लाइनीत येणाऱ्या पोरांसाठी सांगतो: हेवीचं शिकाऊ लायसन्स काढायचं तर हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं आणि वय किमान २० वर्षं. म्हणून अठरा पूर्ण झाले की हलक्या वाहनाचं काढून ठेवा. पुढे एक वर्ष वाचतं.

मामेभावाची अडचण वेगळी. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं. आधार केंद्रात दुरुस्तीला पन्नास रुपये लागले, पण मोबाइल नंबरही जुना होता, जो कधीच बंद पडलेला. दोन्ही दुरुस्त्या एकाच वेळी करून घेतल्या. मोबाइल आधारशी जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही आणि ओटीपीशिवाय आजकाल एकही अर्ज पुढे सरकत नाही. हे काम सगळ्यात आधी करा.

अनुभवाच्या पत्रानं आम्हाला सगळ्यात जास्त फिरवलं. आधी ज्या ठेकेदाराकडे काम केलं, तो पत्र द्यायला तयार होईना. त्यानं कारण सांगितलं नाही, पण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे: पत्र दिलं की माणूस इतकी वर्षं कामावर होता हे सिद्ध होतं आणि मग पीएफचा प्रश्न निघतो. ज्या माणसानं ऐन तरुणपणीची वर्षं त्या कामात घातली, त्याला एका ओळीचं पत्र मिळू नये याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. शेवटी जुन्या गेटपासच्या झेरॉक्स आणि बँकेच्या पासबुकात पगार जमा झाल्याच्या नोंदी दाखवल्या. आताच्या ठेकेदाराच्या पत्रासोबत संस्थेनं ते मान्य केलं. म्हणून सांगतो, गेटपासची मुदत संपली की जमा करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवत जा. आमच्या कामाचा दुसरा पुरावा बहुतेक वेळा नसतोच.

याच काळात एका एजंटचा नंबर गावात फिरत होता. आधारचा फोटो पाठवा, तीन हजार रुपये टाका, परवा कार्ड घरी. बरेच जण त्या वाटेनं जायला निघाले होते. मी कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला सरळ विचारलं. ते म्हणाले, ‘कार्डावरचा क्यूआर आम्ही स्कॅन करतो, शिवाय संस्थेला फोन करून बॅचची हजेरी विचारतो. खोटं निघालं तर तो माणूस आणि त्याचा ठेकेदार, दोघंही काळ्या यादीत.’ पण समजा हे तपासलं जात नसतं, तरी मी ते कार्ड घेतलं नसतं. हुकाखाली माझा मामेभाऊ उभा असतो.

कुठून करायचं, हा पुढचा प्रश्न. एक वाट कौशल्य विकासाची. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल या क्षेत्रातली प्रमाणपत्रं देते आणि ज्यांना काम येतं पण कागद नाही, त्यांच्यासाठी ‘आरपीएल’ म्हणजे आधी शिकलेल्याला मान्यता, अशी सोय आहे. नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हबवर होते. पण बॅच जवळ लागायला हवी, आणि आमच्या मुदतीत आमच्या बाजूला ती लागत नव्हती. दुसरी वाट खासगी प्रशिक्षण आणि तपासणी संस्थांची. कोणतं कार्ड चालेल हे ज्याच्या गेटमधून आत जायचं तोच ठरवतो. म्हणून पैसे भरायच्या आधी सेफ्टी विभागाकडून चालणाऱ्या संस्थांची नावं लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना. आम्ही त्या यादीतली नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीकडची एक संस्था निवडली. ऑपरेटरची फी ६,५०० रुपये, रिगरची ४,५००. दुपारचं जेवण त्यात धरून. प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत असेल हे फोनवरच विचारलं. हिंदी किंवा इंग्रजी म्हणाले. तोंडी परीक्षा मराठीत द्यायला हरकत नव्हती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात चंद्रपूरला मेडिकल केलं. दोघांचे मिळून १,८०० रुपये. रक्तदाब, साखर, कानाची तपासणी, लांबची-जवळची नजर, रंग ओळखायची ठिपक्यांची पानं आणि तोल जातो का ते बघणारी चक्कर-तपासणी. बाहेर रणरणतं ऊन. आम्ही बसमधून उतरून तडक दवाखान्यात गेलो तर मामेभावाचा रक्तदाब जास्त भरला. डॉक्टरांनी पंख्याखाली बसवलं, पाणी प्यायला लावलं, अर्ध्या तासानं पुन्हा मोजला, तेव्हा ठीक आला. त्याला लांबचा नंबर निघाला. चष्मा १,१०० रुपये. चष्मा लागला म्हणून तो खट्टू झाला होता, नापास होईल असं त्याला वाटलं. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं नजर पूर्ण होत असेल तर अडचण नाही, फक्त कामावर तो घातलाच पाहिजे. मेडिकलच्या आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या आणि सकाळच्या वेळेचीच तारीख मागा.

बॅच मिळाली ५, ६ आणि ७ जूनची. लोकसभेच्या निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर. मामा चिडले. ‘पेरणीच्या टायमाले कोठी चालला? पाणी आलं त सरकी कोण लावन?’ त्यांचं खरं होतं. वावर तयार होतं, बियाणं घरात येऊन पडलं होतं. पण १५ जूनची तारीख पुढे ढकलली जाणार नव्हती. शेवटी मामीनं मध्ये पडून सांगितलं, पाऊस आला तर मी आणि पोरी लावू, यांना जाऊ द्या. तेव्हा आम्ही निघालो.

४ जूनला बल्लारशाहहून संध्याकाळची गाडी धरली. नागपूर स्टेशनजवळच्या लॉजमध्ये दोघांत ७०० रुपयांची खोली. तिथून हिंगण्याकडे जायला मेट्रो सोयीची. नागपूर रेल्वे स्टेशनवरून थेट लोकमान्य नगर, गाडी बदलावी लागत नाही. पुढे शेअर ऑटो.

वर्गात विदर्भातल्या सगळ्या कोपऱ्यांतले लोक होते. तिरोड्याचे, मौद्याचे, घुग्घुसचे. काही जण माझ्याहून वयानं पुष्कळ मोठे, आयुष्यभर क्रेन चालवलेले. शिकवणारे सर पॉवर हाउसच्या उभारणीत उमेदीची वर्षं घालवलेले. पहिल्याच तासाला त्यांनी समृद्धी महामार्गाचा विषय काढला. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात सरलांब्याजवळ पुलाच्या कामावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि २० जण गेले. समृद्धीचं नागपूरचं टोक आमच्या त्या वर्गापासून फार लांब नव्हतं. खोलीतल्या काही जणांनी त्या रस्त्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर काम केलेलं होतं. सर मोठ्यानं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘इथून पुढे तीन दिवस जे आकडे सांगीन ते पाठ करा. साइटवर तुमचं ऐकलं जाईल ते आकड्यामुळेच.’

मग त्यांनी आम्हा दोघांना पुढे बोलावलं. वीस लिटरचा पाण्यानं भरलेला कॅन, त्याच्या कडीतून ओवलेला दोर. एक टोक माझ्या हातात, दुसरं मामेभावाच्या. जवळजवळ उभे होतो तेव्हा काही वाटलं नाही. सर म्हणाले, एक पाऊल मागे. आणखी एक. आणखी एक. दोर जसा आडवा होत गेला तसे आमचे खांदे ओढले जायला लागले, आणि शेवटी आम्ही दोघं मिळूनही तो कॅन जमिनीवरून नीट धरू शकत नव्हतो. पाणी तेवढंच होतं, वाढला होता तो दोरावरचा ताण.

त्यानंतर फळ्यावर जे सूत्र लिहिलं ते मी या सगळ्या प्रशिक्षणातली सगळ्यात मोलाची गोष्ट मानतो. कोन मोजायला काही साधन लागत नाही, टेप पुरते. दोन बेल्टनी माल उचलताना एका बेल्टची लांबी मोजायची आणि हुकापासून मालावरच्या बांधणीच्या पातळीपर्यंतची उभी उंची मोजायची. लांबीला उंचीनं भागायचं. जो आकडा येईल त्यानं अर्ध्या वजनाला गुणायचं. तो एका बेल्टवरचा ताण. समजा माल २ टनांचा, बेल्ट ४ मीटरचे. उंची साडेतीन मीटर मिळाली तर एका बेल्टवर साधारण १.१४ टन. छत खाली आहे म्हणून उंची २ मीटरच मिळाली तर प्रत्येक बेल्टवर पूर्ण २ टन. म्हणजे बेल्ट दोन लावले तरी प्रत्येकावर अख्ख्या मालाएवढा ताण. जमिनीशी ३० अंशाचा कोन तो हाच. त्याहून खाली जायचंच नाही, आणि होता होईल तो ६० अंश राखायचे. हा हिशेब माल मध्यावर तोललेला असताना लागू पडतो. एका बाजूला जड असेल तर जड बाजूच्या बेल्टवर ताण आणखी जास्त येतो.

बेल्टचे रंगही पाठ करून घेतले. जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८, नारिंगी १० आणि त्याच्या वर. पण रंगावर भरवसा ठेवून चालत नाही, लेबल वाचायचं. लेबल फाटलेलं असेल तर तो बेल्ट बाद. आणि फास घालून बांधला की त्याची ताकद ८० टक्केच धरायची.

वायर रोप तपासायचं काम मला वाटलं होतं त्याहून बारीक निघालं. नियम असा की दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांहून जास्त असतील तर तो दोर वापरायचा नाही. १६ मिलिमीटरचा दोर असेल तर १२८ मिलिमीटरचा तुकडा खडूनं आखायचा. सहा लडी (तारांचे पिळलेले पदर) आणि प्रत्येकीत ३६ तारा, म्हणजे २१६. एकवीसच्या पुढे मोजणी गेली की दोर बाजूला. हातमोजा घालून, फडकं गुंडाळून दोरावरून हळू फिरवायचं. तुटकी तार फडक्याला अडकते. उघडा हात कधीच फिरवायचा नाही. व्यास मोजताना व्हर्नियर दोन लडींच्या फुगवट्यावर धरायचा, खोबणीवर धरला तर माप कमी येतं. मामेभाऊ यात रमला. संध्याकाळी लॉजवर आल्यावरही तो मोबाइलमधले फोटो मोठे करून तारा मोजत होता.

दुसरा दिवस लोड चार्टचा (किती अंतरावर किती वजन उचलता येतं याचा तक्ता) आणि हायड्राचा. १४ टनी हायड्रा म्हणजे कुठेही १४ टन उचलणारी क्रेन नव्हे. तो आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आत असताना आणि माल अगदी जवळ असतानाचा. बूम बाहेर गेला, माल लांब गेला की ताकद झपाट्यानं उतरते. लांबी कुठून मोजायची हे चार्टवर लिहिलेलं असतं, प्रत्येक कंपनीचं सारखं नसतं. हुक, शॅकल, बेल्ट यांचं वजनही मालातच धरायचं. हायड्रा वळताना मधल्या सांध्यात दुमडते, तेव्हा तिचा तोल बदलतो, म्हणून वळलेल्या स्थितीसाठी चार्टमध्ये वेगळा, कमी आकडा असतो. माल घेऊन चालताना तो जमिनीलगत, बूम आत आणि वेग माणसाच्या चालीएवढा.

आणि ज्यावर सर सगळ्यात जास्त वेळ थांबले ते म्हणजे मालाला हात लावून हायड्रापुढे चालणारा हेल्पर. आपल्याकडे हे दृश्य रोजचं आहे. ऑपरेटरच्या नजरेसमोर बूम असतो, त्याला पुढचा माणूस धड दिसत नाही. माणसाचा पाय खड्ड्यात गेला, तो पडला, तर थांबायला वेळच मिळत नाही. मालाला दोन बाजूंनी गाइड दोरी बांधायची, दोरी धरणारे बाजूला आणि अंतरावर, इशारा देणारा ऑपरेटरला पूर्ण दिसेल असा. हेल्परला हे शिकवण्याची जबाबदारी ऑपरेटरची, कारण तो पोरगा नवा असतो आणि त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

जमिनीचा विषय मी स्वतः काढला, कारण आमच्याकडे सगळी काळी माती. उन्हाळ्यात भेगा आणि पावसात लोणी. सरांनी आउटरिगरच्या (बाजूला काढून जमिनीवर टेकवायच्या पायांच्या) क्रेनचं उदाहरण दिलं: एका पायावर २० टन आले आणि खाली अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची पाटी असली तर चौरस मीटरला ८० टन दाब. तीच पाटी १.२ बाय १.२ मीटरची केली तर १४ टनांच्या आत. काळ्या मातीवर, त्यातही पावसाळ्यात, मुरमाचा भराव दाबून त्यावर मोठ्या पाट्या टाकल्याशिवाय क्रेन उभीच करू नका, असं त्यांनी बजावलं. हायड्राला तर आउटरिगर नसतातच, सगळा भार टायरवर. खंदकाच्या कडेपासून निदान खंदकाच्या खोलीइतकं अंतर राखायचं, आणि नुकत्याच बुजवलेल्या नालीला उघडा खंदक समजायचं.

७ जूनला परीक्षा. सकाळी ३० प्रश्नांचा पेपर, पास व्हायला ७० टक्के. मग तोंडी. मला विजेच्या तारांबद्दल विचारलं. ११ आणि ३३ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) तारांपासून क्रेनचा कोणताही भाग, दोर आणि माल धरून, किमान ३ मीटर लांब. १३२ केव्हीसाठी ४.६ मीटर, आणि शक्य असेल तिथे लाइन बंद करूनच काम, असं उत्तर दिलं. शेतातून जाणाऱ्या तारा आमच्याकडे बऱ्याचदा लोंबलेल्या असतात, ते आठवून मी तारेची उंची आधी खात्रीनं माहीत करून घेईन असंही म्हणालो. त्यांनी मान हलवली.

प्रात्यक्षिकात आधी क्रेनभोवती फेरी: टायर, तेलगळती, हुकाची कुंडी, दोर, हुक फार वर गेला की हॉइस्ट (दोर ओढणारं यंत्र) थांबवणारा लिमिट स्विच, हॉर्न, रिव्हर्स हॉर्न. मग दीड टनाचा काँक्रीटचा ठोकळा उचलून ड्रमांच्या मधून न्यायचा आणि खडूनं आखलेल्या चौकोनात ठेवायचा. अर्ध्या वाटेत दुसऱ्याच बाजूनं हेल्मेट घातलेला एक माणूस बूम खाली घ्यायचा इशारा करू लागला, अंगठा खाली, हात लांब. इशारा एकाच ठरलेल्या माणसाचा मानायचा हे आदल्या दिवशी पक्कं झालं होतं, म्हणून मी माल जागेवर थांबवला आणि माझ्या रिगरकडे बघत राहिलो. थांबण्याचा इशारा मात्र कोणीही दिला तरी मानायचा, अगदी झाडू मारणाऱ्या माणसानं दिला तरी. हे दोन नियम एकत्र लक्षात ठेवा.

मामेभावापुढे टेबलावर सामान मांडलं होतं: चांगलं आणि खराब एकत्र. पिनेच्या जागी साधा बोल्ट घातलेला शॅकल, लेबल नसलेला बेल्ट, तोंड उघडलेला हुक, आणि क्लिपा उलट्या बसवलेला वायर रोप. क्लिपेचं खोगीर (दोर बसतो तो खाचेचा भाग) भार घेणाऱ्या दोराकडे हवं आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकाकडे. तिथे बरोबर उलटं होतं. त्याला एका-एका वस्तूचं कारण सांगावं लागलं. नुसतं ‘खराब आहे’ म्हणून चाललं नसतं. दुपारच्या उन्हात लोखंडी सामान इतकं तापलं होतं की हातमोज्यातूनही चटका बसत होता. स्वतःचे हातमोजे आणि बूट घेऊन जा, संस्थेकडचे मापाचे मिळतीलच असं नाही.

संध्याकाळी दोघं पास झाल्याचं कळलं. घरी फोन केला तर मामांनी निकाल विचारायच्या आधी सांगितलं, पाणी आलं नाही अजून. मामेभाऊ लगेच हसला, त्याच्या डोक्यावरचं दुसरंही ओझं उतरलं होतं.

कार्ड यायला मात्र वेळ लागला. १५ तारीख जवळ आली, काही नाही. संस्थेला रोज फोन. १२ जूनला ई-मेलवर दोघांची तात्पुरती पत्रं आली, ती सेफ्टी विभागानं कार्ड येईपर्यंत मान्य केली. मूळ कार्ड जुलैच्या सुरुवातीला पोस्टानं आली आणि मामेभावाच्या वडिलांचं नाव पुन्हा जुन्याच तऱ्हेचं. दाखल्यावरून उतरवलं होतं. दुरुस्त कार्ड मिळायला आणखी पंधरवडा. निघण्याआधी अर्जावर नाव आधारप्रमाणे आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि त्याचा फोटो ठेवा.

गेटवर पुन्हा कारखान्याची अर्ध्या दिवसाची सुरक्षा-ओळख, त्यांच्या दवाखान्यात रक्तदाब आणि चक्कर-तपासणी. आपल्या बेल्ट-शॅकलवर त्या तिमाहीच्या तपासणीचा रंग मारल्याशिवाय सामान आत जात नाही, त्यातही एक दिवस जातो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागलेली असताना पॅकिंगच्या मागच्या बाजूला डक्टचा (हवेच्या मोठ्या नळाचा) दोन टनांच्या आसपासचा तुकडा हलवायचा होता. वाटेत नुकतीच बुजवलेली केबलची नाली, वर काळ्या मातीचा चिखल. सुपरवायझर म्हणाला, ‘भाऊ, दहा मिनिटांचं काम आहे, रोजच होते हे.’ मामेभावानं टेप काढली. लांबीला उंचीनं भागून आकडा १.९ आला, म्हणजे एका बेल्टवर जवळजवळ दोन टन ताण, आणि हाताशी २ टनांचे हिरवेच बेल्ट. मी चार्ट उघडून वळलेल्या स्थितीचा आकडा दाखवला आणि नालीकडे बोट केलं. म्हणालो, ‘साहेब, लांब पिवळे बेल्ट आणि नालीवर टाकायला लोखंडी प्लेटा द्या, लगेच उचलतो.’ तो इंजिनिअरला बोलवायला गेला. इंजिनिअरनं आकडे पाहिले, आम्हाला काही विचारलं नाही, स्टोअरला फोन केला. दोन तास गेले, मग काम झालं. आधी आम्ही असं बोललो असतो तर कामाची टाळाटाळ समजली गेली असती. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या गँगचा रिगर आला आणि ते सूत्र गेटपासच्या मागच्या बाजूला लिहून घेऊन गेला.

ठेकेदारानं फीचे अर्धे पैसे ऑगस्टच्या पगारात जमा केले. मेडिकल, चष्मा, प्रवास, लॉज आणि बुडालेली रोजी आमच्याकडेच राहिली. आमच्या कार्डाची मुदत दोन वर्षांची आहे. नूतनीकरणाला पुन्हा मेडिकल आणि एका दिवसाचं उजळणी प्रशिक्षण लागेल असं संस्थेनं सांगितलंय. तारीख पुन्हा पेरणीत येऊ नये म्हणून मार्चमध्येच नाव नोंदवून ठेवायचं असं ठरवलंय. मामेभावानं हलक्या वाहनाचं शिकाऊ लायसन्स काढलंय; पक्कं होऊन वर्ष भरलं की तो हेवीचा अर्ज टाकेल.